फेविकॉल कशाने लावायचा? लाकूडकाम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

जोड सुटला की पहिला ठपका फेविकॉलवर येतो. प्रत्यक्षात गम बहुधा ठीकच असतो. कुठे तो पोचलेलाच नसतो, तर कुठे दाब बसायच्या आत त्यावर साय धरलेली असते. या दोन्ही चुका बऱ्याचदा हातातल्या साधनामुळे होतात. मराठवाड्यात तर जास्तच, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे गम पसरवायला वेळ फार थोडा मिळतो. म्हणून साधन उचलण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या: जागा किती आहे, आणि ती झाकायला किती मिनिटं हातात आहेत.

इथे फेविकॉल म्हणजे पाण्यात धुतला जाणारा पांढरा गम, कंपनी कोणतीही असो. सनमायकासाठीचा उग्र वासाचा रबरी गम आणि दोन नळ्यांचा इपॉक्सी यांना वेगळी साधनं लागतात, ती शेवटी दिली आहेत.

आधी घड्याळ बघा

पांढऱ्या गमात पाणी असतं. त्यातलं काही पाणी लाकूड पितं, काही हवा ओढून घेते, आणि मग गम घट्ट होतो. २५ अंशांच्या आसपास, सावलीत, पहिला हात मारल्यापासून जोड दाबेपर्यंत साधारण आठ-दहा मिनिटं मिळतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर असताना, कोरड्या हवेत आणि वर पंखा फिरत असेल तर हीच मुदत तीन-चार मिनिटांवर येते. तेवढ्या वेळात एक इंची ब्रशने आठ बाय चार फुटांचा प्लाय झाकून होणं शक्यच नाही. पहिलं टोक सुकायला लागतं तेव्हा ब्रश अजून मध्यावरच असतो.

वेळ संपला की नाही हे बोटाला कळतं. ओला गम चमकतो. बोट टेकवून उचललं तर बोटाला गम लागतो आणि बारीक तार येते. चमक गेली, बोटाखाली पातळ कातडी सुरकुतली आणि बोट कोरडं राहिलं, तर उशीर झाला. अशा गमावर दुसरा थर देऊन भागत नाही. पट्टीने सगळा खरवडून काढा, ओल्या फडक्याने पुसा, पाणी सुकू द्या आणि पुन्हा सुरुवात करा.

उन्हाळ्यात चिकटवण्याचं काम सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान उरकावं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेलं लाकूड रात्रीपर्यंत गरम राहतं. ते आदल्या संध्याकाळीच सावलीच्या, हवेशीर खोलीत आणून ठेवा. खोलीत कूलर चालू असला तर हवेतला दमटपणा फायद्याचाच, पण त्याचा झोत कामावर येऊ देऊ नका. झोताने वरची साय लगेच धरते.

हिवाळ्याची तऱ्हा उलटी. परभणी-हिंगोलीकडे थंडीच्या लाटेत पहाटे पारा दहाच्या बराच खाली येतो. त्या गारठ्यात लावलेला गम नीट एकजीव न होता खडूसारखा पांढरा, भुसभुशीत सुकतो आणि त्यात ताकद राहत नाही. ऊन वर आल्यावर, दहा-अकराच्या सुमारास काम काढा, आणि डबा रात्री घरात ठेवा.

गम घट्ट वाटला तर पाणी घालून पातळ करण्याचा मोह होतो. १०० ग्रॅमला पाच मिलीपेक्षा जास्त पाणी घालू नका. जास्त पाण्याने गम आत झिरपतो, वर थर उरत नाही आणि पातळ प्लाय फुगतो. कोरड्या उन्हाळ्यात वेळ वाढवायचाच असेल तर गमात पाणी घालण्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे गम लावण्याच्या एक-दोन मिनिटं आधी लाकडावरून पिळून घेतलेलं ओलं फडकं हलकेच फिरवणं.

किती गम लागतो, ते वजनाने शिका

नवख्यांचा अंदाज इथेच चुकतो. एका चौरस फुटाला १५ ते २० ग्रॅम गम पुरतो. म्हणजे ३२ चौरस फुटांच्या पूर्ण शीटला अर्धा किलो ते साडेसहाशे ग्रॅम. प्लाय जास्त पिणारा असेल तर वरच्या आकड्याच्या जवळ राहा.

हा अंदाज हाताला बसवण्यासाठी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. प्लायचा बरोबर एक फूट बाय एक फूट तुकडा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, गम ओता, पसरवा आणि आकडा वाचा. ३० ग्रॅम आला तर बराच गम बाहेर गळणार. दहा आला तर मध्ये कोरडे डाग राहणार. मग त्या तुकड्यावर काचेचा जुना तुकडा दाबून बघा. काचेतून गम कुठे पोचला आणि कुठे हवा अडकली ते स्पष्ट दिसतं. प्रत्येक नवीन साधन एकदा तरी असं तपासावं. हात मारण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, आणि हे काचेखाली बघितल्याशिवाय पटत नाही.

सनमायकाचा तुकडा: सगळ्यात स्वस्त आणि बहुतेक कामांना पुरणारा

सुताराच्या दुकानात सनमायकाची कात्रण हवी तेवढी पडलेली असते. एक मिलिमीटर जाडीचा, चार इंच बाय तीन इंचाचा तुकडा म्हणजे गम पसरवायची उत्तम पट्टी. आपल्याकडे तिचा आणखी एक गुण मोलाचा आहे: तिला धुवायला पाणी लागत नाही. गम सुकला की गुळगुळीत बाजूवरून नखाने पापुद्रा निघतो. टंचाईच्या दिवसांत टँकरच्या पाण्यावर घर चालत असताना ब्रश धुण्यात बादली घालवण्यापेक्षा ही पट्टी केव्हाही बरी.

सरळ कडेची पट्टी गम ओढून नेते पण किती ठेवते यावर ताबा राहत नाही. हात जड पडला की सगळा गम खरवडून जातो. म्हणून एका बाजूला दाते पाडा:

१. तुकड्याच्या लांब कडेवर दर तीन मिलिमीटरवर पेन्सिलने खूण करा.

२. तुकडा दोन फळ्यांच्या मध्ये कडेपुरता बाहेर ठेवून शिकंज्यात (लाकूड घट्ट आवळून धरणारं साधन) धरा. मोकळा धरून कानस चालवली तर सनमायकाचा टवका उडतो.

३. त्रिकोणी कानशीने प्रत्येक खुणेवर दीड मिलिमीटर खोल खाच करा. कानस पुढे ढकलतानाच दाब द्या, मागे आणताना उचला.

४. १२० नंबरच्या पॉलिशपेपरने दात्यांची धार मोडा आणि कोपरे गोल करा, नाहीतर लाकडावर ओरखडे पडतात.

५. वर सांगितलेल्या काट्याच्या पद्धतीने तपासा. कमी गम राहत असेल तर खाचा किंचित खोल करा.

वापरताना पट्टी लाकडाशी साधारण ४५ ते ६० अंशांत धरा. जितकी उभी धराल तितका गम जास्त उरतो, आडवी केली की कमी. दात्यांमुळे गमाच्या समांतर रेघा उमटतात आणि दाब बसला की त्या एकमेकींत मिसळतात. रेघांच्या मधला भाग अगदी कोरडा मात्र दिसता कामा नये. तिथे लाकूड ओलं झालेलं दिसलंच पाहिजे.

सनमायकाचा तुकडा नसेल तर हॅकसॉ ब्लेडचा तुकडाही चालतो. इंचाला १८ दात्यांचं ब्लेड पातळ थर सोडतं, तो घट्ट बसणाऱ्या फळ्यांना पुरतो. ब्लेडवर गंज मात्र नको, आणि त्याचं कारण पुढे ब्रशच्या ठिकाणी येईल.

ब्रश

कडा, कोपरे, नक्षी, खुर्चीचे गोल दांडे अशा वेड्यावाकड्या जागी ब्रशला पर्याय नाही. रंगकामाचा एक इंची चपटा ब्रश घ्या, पण त्याचे केस लांब आणि मऊ असतात, आणि घट्ट गमात ते नुसते वाकतात. कात्रीने ते दोन सेंटिमीटरपर्यंत छाटा. आखूड केसांचा ताठ ब्रश गम लाकडाच्या रंध्रांत दाबून भरतो. नवा ब्रश आधी तळहातावर आपटून सुटे केस काढून टाका. जोडात अडकलेला केस पॉलिशखाली दिसतो आणि मग काढता येत नाही.

अरुंद कडांना जुना टूथब्रश उत्तम.

आता लोखंडाचा प्रश्न. स्वस्त ब्रशवरची पत्र्याची पट्टी गंजते. पांढरा गम थोडा आम्लधर्मी असतो, आणि बाभूळ, सागवान यांसारख्या लाकडांत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. बाभळीची साल कातडं कमवायला वापरतात ती याच टॅनिनसाठी. ओला गम, गंज आणि टॅनिन एकत्र आले की लाकडावर निळसर काळा डाग पडतो. तो वरवरचा नसतो, रंध्यानेही सहज जात नाही. म्हणून बाभूळ किंवा सागवानावर पट्टीला गंज लागलेला ब्रश वापरू नका, आणि गम पत्र्याच्या उघड्या डब्यात काढू नका. प्लास्टिकचा किंवा स्टीलचा वाडगा घ्या. साध्या लोखंडी शिकंज्याखालीही गम गळून आला तर असाच डाग पडतो, तिथे मध्ये प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा सरकवा.

किनवटच्या जंगलपट्ट्यातलं सागवान असो की वखारीतलं, त्यात तेल असतं. ते वर आलं की गम धरत नाही. रंधा मारल्यावर त्याच दिवशी चिकटवा. जुना पृष्ठभाग असेल तर थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, थिनर उडून जाऊ द्या, आणि मग लगेच गम लावा. हे केलं नाही तर कितीही चांगला ब्रश घेतला तरी उपयोग नाही.

पिळायची बाटली

हॉटेलात टेबलावर ठेवतात ती सॉसची प्लास्टिक बाटली घ्या. पाच-दहा किलोचा ड्रम घेतला की किलोमागे पैसे वाचतात, पण ड्रमचं तोंड उघडं ठेवून काम केलं तर गमावर साय येते आणि सायीचे तुकडे जोडात जातात. ड्रममधून बाटली भरा आणि ड्रम लगेच बंद करा.

बाटलीचं तोंड कापताना घाई नको. १८ मिलिमीटर प्लायच्या कडेला मधोमध दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची एक सरळ धार पुरते. हिशोब सरळ आहे: एक मीटर कडेला साडेतीन-चार ग्रॅम गम लागतो आणि दोन मिलिमीटरची धार जवळपास तेवढाच देते. म्हणून आधी बारीक भोक ठेवा, पुरत नसेल तर मग थोडं वाढवा. धार ओतून सोडून देऊ नका. टूथब्रश किंवा पट्टीने ती कडेपर्यंत पसरवा. नुसत्या दाबाने ती पसरेल या भरवशावर राहिलं की दोन्ही बाजूंच्या कडा कोरड्या राहतात, आणि जोड तिथूनच उघडायला लागतो.

प्लायची कापलेली कड आणि लाकडाचं आडवं कापलेलं टोक गम फार पितं. तिथे आधी पातळ हात मारा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग नेहमीचा थर द्या. उन्हाळ्यात हे थांबणं एका मिनिटावर आणा.

रोलर

आठ बाय चारच्या शीटला, किंवा दिवाण, कपाटाच्या पल्ल्यांसारख्या मोठ्या सपाट कामाला चार इंची रोलर घ्या. आखूड लोकरीचा रोलर फोमपेक्षा टिकतो, आणि फोममुळे येणारे बुडबुडेही टळतात. रोलर आधी पाण्यात बुडवून चांगला पिळून घ्या. कोरडा रोलर पहिल्या फेरीत स्वतःच भरपूर गम पिऊन बसतो.

इथे दोन माणसं लागतात. एकाने प्लायवर गम नागमोडी ओतायचा, दुसऱ्याने लगेच मागोमाग रोलर फिरवायचा: आधी लांबीत, मग रुंदीत, शेवटी कडांवरून एक फेरी. कडा सगळ्यांत आधी सुकतात म्हणून त्यांची पाळी शेवटी. गम प्लायवरच लावा, सनमायकाच्या मागे नको. मग सनमायका एका कडेने टेकवत खाली सोडा आणि मधून बाहेरच्या दिशेने दाबत हवा काढा. वर सपाट फळ्या आणि वजन रात्रभर राहू द्या.

एकट्याने काम असेल आणि मे महिना असेल, तर पूर्ण शीट एकदम घेऊ नका. प्लायचे तुकडे कामाच्या मापाने आधी कापा आणि एकेक चिकटवा.

भोकं आणि खोल जागा

चौकटीत एका लाकडाचं कुसू, म्हणजे टोकाला कोरलेली जीभ, दुसऱ्याच्या भोकात बसतं. बरेच जण गम फक्त कुसवावर लावतात. ते आत ढकललं की भोकाची कड सगळा गम पुसून बाहेर ढकलते आणि आत कोरडं लाकूड राहतं. बाहेर गळलेला गम बघून मात्र भरपूर लागला असं वाटतं. गम मुख्यतः भोकाच्या आतल्या भिंतींना लावायचा, कुसवावर नुसता पातळ हात.

त्यासाठी सहा मिलिमीटर रुंदीची चपटी बांबूची कामटी तासून घ्या. कडुलिंबाची काडी एका टोकाला चावून कुंचल्यासारखी केली तरी छान चालते. आठ मिलिमीटरच्या लाकडी खुंटीच्या भोकाला कानातली कापसाची काडी पुरते. तळाला गम साचू देऊ नका. घट्ट कुसू आत ठोकताना साचलेल्या गमाला जायला वाट नसते आणि लाकूड चिरतं. भोक कुसवापेक्षा दोन मिलिमीटर खोल ठेवा.

डुगडुगत्या खुर्चीचा जोड पूर्ण उघडत नसेल तर औषधांच्या दुकानातून १० मिलीची सिरिंज आणि १८ नंबरची सुई आणा. पाच टक्क्यांपर्यंत पाणी घालून गम भरा आणि फटीत हळूहळू सोडा. पण जुना सुकलेला गम आत असेल तर त्यावर नवा धरत नाही. होता होईल तेवढा जोड उघडून पटाशीने (लाकूड तासायची धारदार छिन्नी) जुना थर खरवडणंच चांगलं. सिरिंज हा नाइलाजाचा उपाय आहे. काम झाल्यावर सुईवर टोपण घालून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

गळलेला गम

दाब दिल्यावर जोडाच्या कडेने बारीक मण्यांची ओळ दिसली तर माप बरोबर. ओघळ आले तर जास्त, काहीच दिसलं नाही तर कमी. ओघळ ओल्या फडक्याने लगेच पुसण्याची सवय बहुतेकांना असते, पण त्यामुळे पातळ झालेला गम सागवानाच्या रंध्रांत जातो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग उठतो. वीस-तीस मिनिटं थांबा (उन्हाळ्यात दहा-पंधरा). गम रबरासारखा झाला की पटाशीने सोलून काढा. आतल्या कोपऱ्यात पटाशी पोचत नसेल तर स्ट्रॉचं टोक तिरकं कापून कोपऱ्यातून सरकवत न्या, ओला गम नळीत भरत जातो. शिकंजा निदान एक तास ठेवा, आणि जोडावर पूर्ण भार २४ तासांनंतरच.

रबरी गम आणि इपॉक्सी

रबरी गम दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मग दाबायचा असतो. त्याला फोमचा रोलर वापरू नका, त्यातल्या थिनरने फोम विरघळतो. दातेरी पट्टी किंवा केसांचा ब्रश घ्या. एकदा टेकला की सरकत नाही, म्हणून मध्ये कागद ठेवून जागा जुळवा आणि कागद हळूहळू ओढून घ्या. वाफ पेट घेते: दारं-खिडक्या उघडी हवीत, जवळ गॅस, विडी, वेल्डिंग काहीही नको.

इपॉक्सी सनमायकाच्या तुकड्यावर आइस्क्रीमच्या काडीने कालवा आणि तिथेच पातळ पसरवून ठेवा. गोळा करून ठेवला तर तो स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि मिनिटांत घट्ट होतो. काडी काम झालं की टाकून द्यायची. हातमोजे घाला.

साधनं सांभाळणं

ब्रश आणि रोलर आधी रद्दी कागदावर चांगले पुसून घ्या, मगच पाण्याला लावा. एक तांब्या पाणी दोन भागांत वापरा: पहिल्या अर्ध्यात गम सोडवा, दुसऱ्या अर्ध्यात खळबळा. पुढच्या वेळी आधीचं खळबळलेलं पाणी पहिल्या धुण्याला चालतं. गढूळ पाणी मोरीत ओतू नका, पाइपमध्ये गम बसतो. जुन्या डब्यात उन्हात ठेवलं की पाणी उडून जातं आणि तळाचा पापुद्रा कचऱ्यात टाकता येतो. दोन-चार तासांनी पुन्हा काम असेल तर ब्रश धुऊच नका. ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीत ठेवा. वाळून दगड झालेला ब्रश रात्रभर कोमट पाण्यात थोडा व्हिनेगर घालून भिजवला तर बऱ्याचदा सुटतो, मात्र केसांच्या मुळाशी गम राहिला असेल तर तो ब्रश चिकटवण्याच्या कामातून काढून भुसा झाडायला ठेवावा.